उमेदवाराचं नाव प्रार्थनेत घ्यायचं नाही

दौंडहून शिरूरला जाणाऱ्या एसटीत एकदा एक धनगर आबा माझ्या शेजारी येऊन बसले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात मोबाइल. माझ्या गळ्याशी असलेली पांढरी पट्टी त्यांनी बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, "डाक्टर हाय का तुम्ही?"

"नाही आबा, मी पाळक आहे. चर्चचा."

"पाळक म्हंजी?"

"म्हणजे मेंढरं राखणारा. आमच्यात मंडळीला मेंढरं म्हणायची पद्धत आहे. मी माणसं राखतो."

आबांचा जन्म खऱ्या मेंढरांमागे गेलेला. आता पोरांनी शेती धरली होती, पण धंद्याची जाण होती. थोडा विचार करून ते म्हणाले, "मग तुमचं काम लई अवघड हाय. आमच्या मेंढराला मत नसतं. इलेक्शन आलं तरी ते आपलं चरत ऱ्हातं."

मी हसलो, पण न्हावरं येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. सगळ्या नोकरीत मला ज्या गोष्टीने सर्वांत जास्त छळलं ती या आबांनी तिकीट काढता काढता सांगून टाकली होती. आता निवृत्त झालो आहे, चर्चने राहायला दिलेला बंगला सोडला आहे, तरी ती गोष्ट सुटलेली नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटल्यावर पहिल्यांदा तीच समोर आली.

पाळकाची नोकरी म्हणजे रविवारी तासभर बोलायचं आणि आठवडाभर आराम, असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्या मेव्हण्यालाही वाटायचं. खरं तर प्रवचन हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. बाकीच्या दिवसांत लग्नं लावायची, बाप्तिस्मे द्यायचे, मेलेल्याला माती द्यायची आणि जिवंत असलेल्यांची भांडणं सोडवायची. दारू सुटावी म्हणून नवऱ्याला घेऊन येणारी बाई असते, आणि ती परत गेल्यावर एकटाच येऊन रडणारा नवरा असतो. माझ्याकडे दोन मंडळ्या होत्या. सकाळी दौंडची उपासना, जेवण उरकून मोटरसायकलवर शिरूरची. दौंडला सगळी रेल्वेची माणसं: गार्ड, ड्रायव्हर, तिकीट तपासनीस, त्यांच्या विधवा. शिरूरला रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेली झारखंड-ओडिशाची पोरं, त्यामुळे तिथलं अर्धं प्रवचन हिंदीत. माझं हिंदी ऐकून ती पोरं मान खाली घालून हसायची.

आता ज्या गोष्टीभोवती हे सगळं फिरतं ती सांगतो. उपासनेत प्रवचनानंतर एक प्रार्थना असते, तिला आम्ही मध्यस्थीची प्रार्थना म्हणतो. म्हणजे स्वतःसाठी काही मागायचं नाही, दुसऱ्यांसाठी मागायचं. तिला एक क्रम आहे. आधी राज्यकर्ते. दिल्लीपासून नगरपालिकेपर्यंत जे कोणी खुर्चीवर असतील त्या सगळ्यांसाठी, मग पक्ष कुठलाही असो. तिथे नावं घेत नाहीत, पदं घेतात. मग मंडळीतली माणसं, आणि तिथे मात्र नावं घ्यायचीच. पुण्याला ऑपरेशनला गेलेली मावशी, दहावीला बसलेली पोरं, बदलीची वाट बघणारा ड्रायव्हर. सगळ्यात शेवटी पाळक थोडा वेळ गप्प राहतो. त्या शांततेत ज्याला कुणाचं नाव घ्यायचं असेल त्याने जागेवरूनच मोठ्याने घ्यायचं, आणि मंडळीने आमेन म्हणायचं.

या नावाचं आमच्या लोकांना फार असतं. आजारपणात आपलं नाव राहून गेलं म्हणून चर्चला यायचं सोडलेली माणसं मला माहीत आहेत. उलट, प्रार्थनेत नाव घेतलं गेलं की आय.सी.यू.मधला माणूसही नातेवाइकांना विचारतो, "पाळकसाहेबांनी नाव घेतलं का?"

त्याच नावाने शिरूरला घोळ केला. तिथल्या निवडणुकीत एक शेठ उभे होते आणि ऐन प्रचारात डेंग्यूने आडवे झाले. आमच्या मंडळीतले दोघं-तिघं त्यांच्या गोदामात कामाला. त्या रविवारी माझ्याबरोबर दौंडचे शांतवनराव आले होते. शांतवनराव म्हणजे निवृत्त रेल्वे गार्ड, मंडळीचे वडील. वडील म्हणजे वयाने नाही, ते आमच्याकडचं पद आहे, पण ते वयानेही होतेच. पाठ ताठ, बूट चकचकीत, आवाज फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. शांततेच्या वेळी कुणीतरी शेठचं नाव घेतलं आणि शांतवनरावांनी ते उचललं. प्रार्थनेत त्यांची गाडी एकदा सुटली की मधल्या स्टेशनांवर थांबत नसे. शेठना उठव, शेठना बळ दे, शेठच्या हाताला यश दे. मंडळी भरघोस आमेन म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या आत बाजारपेठेतून भोंगा लावलेला पिकअप फिरायला लागला. "समस्त ख्रिस्ती बांधवांचा शेठना एकमुखी पाठिंबा!" दुसऱ्या दिवशी सकाळी विरोधी उमेदवार शाल आणि नारळ घेऊन दौंडला माझ्या दारात हजर. "पाद्रीसाहेब, आमचं काय चुकलं? आमच्यासाठी पण एक करा. त्याच्यापेक्षा जरा मोठी करा."

शेठ बरे झाले आणि पडले. देवाने अर्धी प्रार्थना ऐकली, असं शांतवनरावांचं मत पडलं. पण माणूस मनातून फार शरमला होता. पुढच्याच बैठकीत त्यांनी स्वतः उभं राहून ठराव मांडला: उमेदवाराचं नाव प्रार्थनेत घ्यायचं नाही. पाळकाने नाही, मंडळीतल्या कुणीही नाही. दोन्ही मंडळ्यांनी तो एकमताने मान्य केला, आणि मीही सुटलो म्हणून हात वर केला. नियम चांगला होता. आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही.

पुढे काही वर्षांनी दौंडच्या नगरपालिकेची निवडणूक लागली आणि शांतवनरावांची धाकटी मुलगी सुनंदा उभी राहिली.

सुनंदा खासगी दवाखान्यात नर्स. लग्न होऊनही दौंडमध्येच, रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत राहायची. त्या गल्लीत पिण्याच्या पाण्याची लाइन आणि गटाराची लाइन शेजारी शेजारी गेलेली, आणि दोन्ही जुनाट. दर उन्हाळ्यात गल्लीत कावीळ. दवाखान्यात सलाइन लावून लावून ती कंटाळली आणि नळाचं पिवळट पाणी बाटलीत भरून नगरपालिकेच्या साहेबांच्या केबिनमध्ये जायला लागली. बाटली टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "घ्या की एक घोट." साहेब बदलले, बाटली तीच. तो प्रभाग महिलांसाठी राखीव झाला तेव्हा गल्लीतल्या बायकांनीच तिला पुढे केलं. त्यातल्या बहुतेक ख्रिस्ती नव्हत्या. ती अपक्ष उभी राहिली. चिन्ह कपबशी.

तिच्यासमोर होती मनीषा, तात्यांची सून. तात्यांना दौंडमध्ये आडनाव लागत नाही. ऊस, सोसायटी, दोन पेट्रोल पंप, आणि कुणाच्याही मयताला सगळ्यात आधी पोचणारा माणूस. फलकावर मनीषा कोपऱ्यात, डोक्यावर पदर, आणि मधोमध तात्या हात जोडून. वाईट माणूस नव्हता, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. एका नाताळात आमची पोरं गाणी म्हणत घरोघरी फिरत असताना काही तरुणांनी रस्ता अडवला होता. धर्मांतर करता का, कुणी परवानगी दिली, असं सुरू झालं. आमच्या बायका पोरांना कवटाळून भिंतीला लागल्या. तेवढ्यात तात्यांची जीप आली. ते खालीही उतरले नाहीत. "आपल्या गावची माणसं हायती," ते म्हणाले. "गाणी म्हणत्यात, म्हणू द्या. घरी जावा." रस्ता अडवणारी पोरं गेली. तेव्हापासून दर नाताळला पहिला केक तात्यांच्या घरी जात असे, आणि आमच्यातला प्रत्येक माणूस तो केक जाताना बघत असे.

अर्ज भरला त्याच दिवशी सुनंदा बंगल्यावर आली. शांतवनराव आधीपासूनच व्हरांड्यात येऊन बसले होते. मुलगी आलेली बघून त्यांनी खुर्ची जरा पलीकडे वळवली.

"पाळकसाहेब, मला पाठिंबा नको," ती म्हणाली. "चर्चचा पाठिंबा म्हटलं तर माझीच अर्धी मतं जातील. मला नुसतं प्रार्थनेत नाव पाहिजे."

"नियम तुला माहीत आहे."

"दहावीच्या पोरांचं नाव घेता. प्रमोशनच्या परीक्षेला बसलेल्या ड्रायव्हरचं घेता. मी पण परीक्षेलाच बसलेय."

"परीक्षेत दुसऱ्याला पाडावं लागत न्हाई," शांतवनराव भिंतीकडे बघत म्हणाले.

"पप्पा, मी कुणाला पाडायला उभी नाही. पाण्यासाठी उभी आहे."

"आपण मूठभर माणसं," ते म्हणाले. आता ते तिच्याशी बोलत होते की माझ्याशी, कळत नव्हतं. "कुणाच्या डोळ्यावर यायचं न्हाई. मी उभ्या नोकरीत युनियनचा झेंडा हातात धरला न्हाई. आपलं राज्य वर हाय. हितं आपण पाव्हणे."

"वरच्या राज्यात कावीळ नसेल, पप्पा. गल्लीत आहे." मग माझ्याकडे वळून ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी मागता. चांगले राज्यकर्ते दे म्हणता. देवाने ते ऐकलं तर तो माणसं कुठून आणणार? गल्लीतूनच ना?"

कमिटीपुढे ठेवतो, एवढं म्हणालो. पाळकाला उत्तर सुचलं नाही की तो कमिटी बोलावतो.

कमिटीत जे झालं ते आमच्या लोकांना ओळखायचं असेल तर ऐकण्यासारखं आहे. एकजण म्हणाले, सत्ता देवाने नेमलेली असते, आपण अधीन राहायचं, त्यात पडायचं नाही. दुसरे म्हणाले, मग जुन्या काळातले संदेष्टे थेट दरबारात जाऊन राजाला तोंडावर सुनावत होते ते काय अधीन राहणं होतं? एका राजाने शेजाऱ्याचा द्राक्षमळा बळकावला तेव्हा देवाने माणूस पाठवलाच ना? तिसऱ्याने येशूची करवसुलीच्या नाण्याची गोष्ट काढली, राजाचं ते राजाला द्या, देवाचं ते देवाला, आणि तीच गोष्ट दोघांनी दोन बाजूंनी सांगितली. दोघंही बरोबर वाटले. शेवटी एक म्हातारी सभासद, जी कधी बोलत नसे, ती म्हणाली, "पुढल्या नाताळला पोरं परत आडवी आली, तर जीप कोणाची येईल?"

मला माझ्या लोकांची दया आली आणि रागही आला. इतकी श्रद्धा बाळगणारी माणसं एका जीपवर एवढी टेकलेली असावीत, हे मला सोसेना. पण भिंतीला लागलेल्या त्या बायका मीही पाहिल्या होत्या. नियम कायम राहिला.

माझं स्वतःचं म्हणणं काय होतं? वेगवेगळ्या चिन्हांवर शिक्का मारणारी माणसं प्रभुभोजनाला माझ्यासमोर एकाच वेळी गुडघे टेकत, एकाच भाकरीतलं खात आणि एकाच प्याल्यातून पीत. मी एकाचं नाव घेतलं तर दुसऱ्याच्या घशात आमेन अडकणार. त्याला मी कुठल्या तोंडाने भाकर देऊ? हे एक. आणि माझं मत सुनंदालाच होतं. नेमकं म्हणूनच मला धाकधूक होती, की नाव घेतलंच तर ते देवापुढे घेतोय की मंडळीपुढे, हे माझं मलाच सांगता येणार नाही. असं सगळं अगदी नीट मांडून झालं तरी जीव थाऱ्यावर येत नव्हता. त्या आठवड्यात मी एका जागी बसलो नाही. रिकाम्या चर्चमध्ये बाकांमधून येरझाऱ्या घालायचो. बायको म्हणाली, "खुर्चीला काटे आलेत का तुमच्या?"

प्रचाराच्या शेवटच्या रविवारी उपासना सुरू व्हायला दोन मिनिटं असताना तात्या आत आले. पांढरा सदरा, मागे मनीषा, तिच्यामागे चार कार्यकर्ते. चपला बाहेर काढून आले. आमच्याकडे चपला काढत नाहीत, पण सांगणार कोण. पहिल्या बाकावर बसले आणि हात जोडून समोरच्या क्रुसाकडे बघत राहिले. सुनंदा तिसऱ्या बाकावर, नेहमीच्या जागी. शांतवनराव दानाची थाळी घेऊन बाजूला उभे.

कसंबसं प्रवचन उरकलं. मध्यस्थीची प्रार्थना आली. राज्यकर्त्यांसाठी मागितलं. येणाऱ्या निवडणुकीत शांतता राहो, लोकांना विवेक मिळो, असं मागितलं. मग आजारी, परीक्षार्थी, प्रवासी. एकेक नाव घेताना मला वाटत होतं की मी एका नावाला वळसा घालून चाललो आहे आणि ते सगळ्यांना दिसतं आहे. शेवटी म्हणालो, "ज्यांच्या मनात कुणी असेल त्यांनी नाव घ्यावं," आणि गप्प राहिलो.

एकीने नातवाचं नाव घेतलं. आमेन. कुणी शेजाऱ्याचं घेतलं. आमेन. मग शांतता. मी थांबलो. नेहमीपेक्षा जास्त थांबलो. नियम मोडून कुणीतरी तिचं नाव घ्यावं, असं मला वाटत होतं, हे मी आज उघड सांगतो. शांतवनरावांनी घसा खाकरला. मी डोळे किलकिले करून पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

तेव्हा सुनंदा बोलली. बसल्या जागेवरून, डोळे मिटून.

"प्रभो, मनीषासाठी. तिला कुणाची भीती वाटू देऊ नकोस. ती निवडून आली तर तिच्या खुर्चीवर तिलाच बसू दे. आणि तिच्याबद्दल माझ्या मनात जे साठलंय ते काढून टाक."

मंडळीला आमेन म्हणायचं सुचेना. पहिल्या बाकावरून तात्याच मोठ्याने म्हणाले, "आमीन!" त्यांच्या मागोमाग चारही कार्यकर्ते म्हणाले. मनीषाने तेवढी मान मागे वळवली, डोक्यावरचा पदर हाताने धरून, आणि सुनंदाकडे बघत राहिली. मी आशीर्वाद देईपर्यंत ती तशीच वळून बसली होती.

दुपारी शिरूरला निघालो तर चौकातच रिक्षा आडवी आली. भोंग्यावर तोच सूर. "विरोधी उमेदवार सुनंदाताई यांनी स्वतः चर्चमध्ये मनीषाताईंच्या विजयासाठी प्रार्थना केली! आता शंका कशाला? आता विचार कशाला?"

मी मोटरसायकल वळवली ती थेट तात्यांच्या पेट्रोल पंपावर. मला बघून ते खुर्चीतून उठले.

"तात्या, प्रार्थना प्रचाराला वापरायची नसते."

"खोटं सांगितलं का आम्ही? केली का न्हाई तिनं?"

"विजयासाठी नव्हती केली."

"निवडून आली तर, आसं म्हनली. म्या कानानं ऐकलं." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पाद्रीसाहेब, राजकारणात माझं केस पिकलं. विरोधकासाठी कुणी देवापाशी मागितलेलं म्या आज पयल्यांदा बघितलं. पोरगी लई मोठ्या मनाची हाय. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरंच सांगतो. पर म्हणून काय मी रिक्षा थांबवू व्हय?"

त्यांचं काहीच खोटं नव्हतं. पाणी आलंही असेल. शिरूरची उपासना उरकून रात्री परत आलो, खुलासा लिहायला बसलो आणि तिथेच अडकलो. तिने प्रार्थना केली, हे खरं. विजयासाठी केली नाही, हेही खरं. पण दोन्ही एका वाक्यात सांगितलं की लोकांच्या लक्षात पहिलंच राहणार होतं. सुनंदाने तर खुलासा नकोच म्हणून सांगितलं. गल्लीतल्या बायका तिच्यावर चिडल्या होत्या. ज्या पद्माबाईने तिच्यासाठी घर न घर पालथं घातलं होतं, ती म्हणाली, "तूच तिच्यासाठी मागितलंस, तर आम्ही कशाला वणवण फिरलो गं?"

"मग का केलंस?" मी तिला विचारलं.

"मला तरी कुठं माहीत होतं, तोंडातून काय निघणारे," ती म्हणाली. "ती समोर बसलेली. तिचा इतका राग आला होता मला. चर्चमध्ये तो राग धरून गप्प बसायचं आणि बाहेर येऊन पाण्याबद्दल भाषण करायचं, हे जमेना. शत्रूसाठी मागायला लहानपणापासून तुम्हीच शिकवलंत ना? तेव्हा कुठं सांगितलंत, की इलेक्शन सोडून."

मतदानाच्या आदल्या दिवशी शांतवनराव व्हरांड्यात आले. बसले नाहीत. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "त्या दिवशी आपल्या देवळात एकाच उमेदवाराचं नाव घेतलं गेलं. आन् ते माझ्या पोरीचं न्हवतं." एवढं बोलून ते पायऱ्या उतरून गेले.

सुनंदा पडली. थोडक्यात पडली, आणि थोडक्यात पडलं की माणसं कारण शोधतात. आमच्या मंडळीला ते शोधायला फार लांब जावं लागत नव्हतं. काहींना वाटलं, बरं झालं, राजकारणाचा नाद सुटला. काहींना वाटलं, आपणच तिला पाडलं. हे दोन्ही प्रकारचे लोक पुढच्या रविवारी चर्चला आले आणि एकमेकांशेजारी बसले. सुनंदाही आली. तिसरा बाक. साडी इस्त्रीची, चेहरा ओढलेला.

त्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत मी राज्यकर्त्यांसाठी मागितलं, नव्याने निवडून आलेल्यांसाठी मागितलं. मग मंडळीकडे वळलो आणि तिचं नाव घेतलं. आता ती उमेदवार नव्हती, नियम आड येत नव्हता. "आमच्या बहिणीसाठी, सुनंदासाठी. ती थकली आहे. तिला विसावा दे, तिचं सांत्वन कर." मी खूप मनापासून मागितलं, आणि इतकं मोठं आमेन त्या चर्चमध्ये मी क्वचितच ऐकलं होतं. शांतवनरावांचा आवाज त्यात सगळ्यात वर होता, आणि तो फाटला होता. एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं.

उपासना संपली की पाळक दारात उभा राहतो आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेतो. तशी ती आली. मी म्हणालो, "सुनंदा, आज तुझं नाव घेतलं."

"ऐकलं मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं. "पडले म्हणून आजाऱ्यांबरोबर घेतलंत. निवडून आले असते तर राज्यकर्त्यांमध्ये धरलं असतंत. मी उभी होते, पाळकसाहेब, तेवढे दिवसच नाही घेतलंत."

मी तिचा हात धरून उभा राहिलो. मंडळीत फूट पडू नये, वेदी कुणाच्या प्रचाराला लागू नये, भाकर सगळ्यांना सारखी मिळावी, हे सगळं माझ्यापाशी तयार होतं आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. तिने हळूच हात सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरली. मागे रांग थांबली होती. मी पुढच्या माणसापुढे हात केला.